अकरावा पारा

बारावफातचा नववा दिवस. आज पाळी जैतूनबीच्या घराची.
सावद्यातले मोठे टोप सगळे गणपतीच्या भंडाऱ्याला गेलेत,
मंडपवाल्यानं हात वर केले,
म्हणून शिरा चार घरच्या चार पातेल्यांत शिजतोय
आणि चारही पातेल्यांचा रंग निराळा.

मधोमध पांढरी चादर, चादरीवर चिंचोक्यांचा ढीग.
एक दरूद, एक चिंचोका.
पोरं मूठमूठ खिशात घालतात,
हिशेब दर वर्षी चुकतो.
दिलशादबी म्हणते, असू द्या,
वरचा मोजणारा वेगळा आहे.

मग पेटी उघडते.
तीस पारे, हिरव्या कापडाची तीस पातळ पुस्तकं.
सव्विसाव्याला मागच्या पुरात सुकीचं पाणी लागलं,
त्याच्या कडा अजून चहाच्या रंगाच्या.
वाटता वाटता एक माझ्या मांडीवर येतो.
अकरावा.

मी मागं सरकते.

मराठी मी झपाझप वाचते.
गल्लीभरची लाइट बिलं, रेशन दुकानावरचा फळा,
केळीच्या ट्रकची बिल्टी,
जळगावच्या डॉक्टरचं अक्षरसुद्धा
लोक माझ्यापुढे धरतात.
अरबी मात्र अर्ध्यात सुटली.
आमच्यात कायदा म्हणजे मुळाक्षरांचं पुस्तक;
ते शिकायच्या वयात मी आईबरोबर बागेत,
केळीच्या खोडाची पिलं कापत.
बोटांचा चीक कायद्याच्या पानावर उतरायचा.
उस्तादनी विचारायच्या,
हे जास्तीचे नुक्ते कुठून आणलेस गं?

सगळ्या एकदम सुरू होतात.
एकीचा शब्द दुसरीशी जुळत नाही.
रोजगार हमीवर रस्त्याचे तुकडे वाटून घ्यावेत
तशा तीस जणी तीस ठिकाणी,
आणि रस्ता एकच.

मग एकेक पारा मिटतो.
ओठांना, डोळ्यांना, पेटीत.
दहा. एकोणीस. सत्तावीस.
पंखा थांबतो, लाइट गेली.
शिऱ्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा.
एकोणतीस.
एकोणतीस जणी माझ्याकडे बघत नाहीत,
किती जोर लावून बघत नाहीत!

मी एका शब्दावर उभी.
अक्षर अक्षर सोडवते,
जोडायला गेले की पहिलं हातातून निसटतं.
पुन्हा. पुन्हा.
घाम पानावर पडू नये म्हणून मान तिरकी.

जैतूनबी सरकत येते.
तिला कुठलीच लिपी येत नाही.
कुराण समोर घेऊन ती ओळीखालून बोट फिरवते,
ओळीला एक बिस्मिल्ला,
असं तिनं किती वेळा संपवलंय कोण जाणे.
ती पानाकडे बघतही नाही.
माझा आधीचा शब्द ऐकते
आणि पुढचा माझ्या कानात ठेवते,
अख्खा,
न फुटलेल्या अंड्यासारखा.

"आमचे हे कापूस पिंजताना म्हणायचे," ती कुजबुजते,
"तिकडं तांत वाजायची, इकडं मी गादीत रुई भरायचे.
इथंच त्यांचा श्वास तुटायचा.
तू पण इथंच थांबलीस."

तीस.

"अडखळत वाचणाऱ्याला सवाब दुप्पट,"
कोणीतरी हाफिज तौसीफचा जुम्म्याचा शब्द आठवते.
"मंग हिनं तर गाठोडंच बांधलं आज, व माय!"
दिलशादबी म्हणते,
आणि हसू असं फुटतं की
चिंचोक्यांचा ढीग चादरभर पसरतो.

दुआ झाली. उभ्यानं सलाम झाला.
चारही रंगांचा शिरा एकाच ताटात आला.

बायका चपला शोधत असताना
जैतूनबी पदराखालून घडी केलेला कागद काढते.
निराधारच्या पगाराचा. तीन महिने अडकलाय.
"वाच बरं."
मी वाचते. अर्जदार हयात असल्याचा दाखला
जोडलेला नाही, सबब.
"हळू वाच," ती म्हणते, "मला पुरू दे,"
आणि माझ्या आवाजामागून
ओळीखालून बोट फिरवत येते,
ओठ हलवत.
बोटाला शिऱ्याचं तूप.

हयात या शब्दावर
एक नुक्ता जास्तीचा.