दोरीच्या या टोकाला

मेरेआनाच्या गॅरेजात चहा पाण्यासारखा,
आणि बाकावर ओळीने मांडलेले अकरा गोळे.
"घाई नको," ती म्हणाली, "आधी नुसते धरून बसा."
मी बसलो.
"आता बोलणं बंद करा."

तीस वर्षं मी फेरीबोटीवर दोर सांभाळले.
पिक्टनचा धक्का जवळ आला की
टोकाला माकडमूठ बांधलेला दोर
गरगरवून किनाऱ्यावर भिरकावायचा.
वजन म्हणजे लांब गेलं पाहिजे,
एवढंच माझ्या खांद्याला पाठ.
तोच खांदा गेल्या हिवाळ्यात निखळला.
वादळात वगैरे नाही,
स्वयंपाकघरात, वरच्या फळीवरची किटली काढताना.
फिजिओवाली मुलगी म्हणाली, काहीतरी फिरवत राहा.
काहीतरी म्हणजे काय, ते तिच्या कागदावर नव्हतं.

पहिली पोई: मोज्यात कोंबलेला टेनिसचा चेंडू.
फिरते छान, पण दंडावर ठेवली की
घाईतल्या पाहुण्यासारखी
टेकते न टेकते तोच उठते.
दुसरी लहान आणि कडक.
कोपराच्या हाडावर अशी बसली
की मी समुद्रावरची एक शिवी हासडली.
मेरेआनाने ती पोई मुकाट्याने मागे सारली.
तिसरी चकचकीत, रंगमंचावर शोभेल अशी;
घामट हातावरून मासळीसारखी सटकली
ती थेट मांजराच्या वाटीत.

"तुम्हाला फिरणारी नको, लोळणारी हवी," ती म्हणाली.
"मोठी घ्या. मोठी हळू लोळते,
चुकलात हे कळायला वेळ देते.
सिलिकॉनची घ्या, जराशी धरून ठेवणारी,
उन्हात तापलेल्या गमबुटासारखी.
आणि या टोकालाही बोंड हवं,
निसटलीच तर बोटांत अडकेल असं."

मग तिने माझ्या काखेपासून बोटांपर्यंत दोरी मापली,
शिंपिणीसारखी, तोंडात टाचणी नसताना ओठ मिटून,
आणि चार बोटं कापून टाकली.
"हात आखडलाय तुमचा," म्हणाली. "सुटला की या,
नवी लावून देईन."

भिंतीवर खिळ्याला आणखी एक जोडी होती,
वाळक्या रौपोची, वेणीच्या दोरीची.
मी हात पुढे केला.
"ती नाही," ती म्हणाली. "ती माझ्या आत्याची.
तिला हात लावायचा तर आधी गाणं यावं लागतं."
"येत नाही."
"मग चहा घ्या."

सातवी मी न निवडताच हातात आली.
मनगटावर ठेवली, तळवा किंचित उचलला.
ती निघाली: घड्याळाच्या पांढऱ्या पट्ट्यावरून,
जुन्या दोरखंडाच्या व्रणावरून,
कोपराशी थबकली,
(मी श्वास धरलेला, बाईंनीही)
आणि दंड चढून
मानेच्या खळग्यात येऊन बसली.
मी एका बाजूला कलून उभा,
माल घसरलेल्या बोटीसारखा,
आणि हलायची हिंमत होईना.

पडली अर्थात. हसलो तेव्हा पडली.

मी म्हटलं, एकच द्या, उजवाच तर दुखतो.
तिने दोन बांधल्या.
"डाव्याला कळलं तर रुसेल. पैसे एकीचेच द्या,
दुसरीचे तो फिरवायला लागला की."

उताराच्या रस्त्याने परतताना
खालून दुपारच्या फेरीचा भोंगा वाजला.
खांदा सवयीने मागे गेला,
बोटांनी दोराचं वेटोळं चाचपलं,
आणि पिशवीतली निळी पोई
बाहेर येऊन दोरीच्या टोकाशी लोंबू लागली.
धक्क्यावर कोणी पोरगा असेल आता,
हात वर करून, झेलायला तयार.
मी कुंपणाशी थांबलो.
पोई हळूहळू झुलत थांबेपर्यंत
बघत राहिलो.
मग ती मनगटावर घेतली,
आणि पुन्हा पाडली.