पंचेचाळीस सेंटिमीटर

डिशवॉशर घ्यायचा की नाही,
यावर आमच्या घरात तीन हिवाळे गेले.
मी म्हणायचो, दोन माणसांची भांडी ती किती!
रायली काही बोलायची नाही.
आमच्या कायानीत न बोलणं हा होकार असतो,
नकार असतो,
कधी कधी नुसतीच थंडी असते.

फेब्रुवारीत मी टेप घेऊन ओट्यासमोर गुडघे टेकले.
सिंकच्या डावीकडचं कपाट काढलं
तर जागा निघते पंचेचाळीस सेंटिमीटर.
कपाटात मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या,
त्यांची झाकणं,
आणि ज्यांच्या बरण्या केव्हाच फुटल्या
अशीही झाकणं.

विजेच्या बिलामागे हिशेब मांडला.
यंत्र चारशे एकोणतीस युरो, बसवणाऱ्याचे निराळे.
पाणी, एका खेपेला दहा लिटर.
हातानं किती लागतं ते कळावं
म्हणून दिवसभर सिंकमध्ये बादली ठेवली.
अडतीस भरलं.
मी एकतीस लिहिलं.

मग यंत्रात काय चालणार नाही त्याची यादी:
बिडाचा तवा. भूर्जाच्या लाकडाचा पेला.
मी स्वतः मूठ कोरलेली सुरी.
सोनेरी काठाचे सहा कप, आता पाच.
यादी वाढत गेली तसा मला हुरूप चढला.
बघ, म्हटलं, उरतं काय?
गुरुवारच्या वाटाण्याच्या सूपच्या दोन बश्या!
आपल्याला गरजच नाही.

रायली कप विसळत होती.
पाठमोरीच म्हणाली,
तुला नाहीच गरज, काउको.
तुझ्याकडे आहे.

आमच्याकडे सिंकच्या वर बिनतळाचं कपाट असतं.
ओल्या बश्या त्यात उभ्या करायच्या,
पाणी आपलं आपण खाली गळतं,
पुसायला कुणी लागत नाही.
म्हणून एवढ्या वर्षांत
मी फडकंसुद्धा उचललं नव्हतं.
ते गळणं त्या रात्री
झोपायच्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी उभा राहिलो.
पंधरा दिवस, म्हटलं, मग ठरवू.
लापशी करपलेलं पातेलं रात्रभर भिजत घालावं लागतं,
हे अडुसष्टाव्या वर्षी कळलं.
तिच्या बोटांच्या पेरांवर थंडीत चिरा पडतात,
मला वाटायचं, हवाच तशी आहे.
पाचव्या दिवशी माझ्याही अंगठ्याला पडली.
हवा तीच होती.

सिंकसमोर खिडकी आहे.
घर बांधताना मीच ठेवली,
पण तिथं उभं राहून कधी बघितलं नव्हतं:
ओइवाच्या सौनाचा धूर,
गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून
गळ टाकून बसलेला कुणी एक,
आणि कुंपणापाशी ते वाकडं रोवनचं झाड.
दर वसंतात मी म्हणायचो, तोडून टाकू या,
ती म्हणायची, राहू दे.
इतकंच.

मागे टेबलाशी रायली
हातांचं काय करावं ते न कळून
मीठदाणी सरळ करायची,
पुन्हा थोडी वाकडी.

नवव्या दिवशी मी दुकानात फोन केला.
बिलामागचा आकडाही खोडून अडतीस केला,
आता त्याला कोण विचारतंय!

बसवायला पोरगा आला, कानात आपलं काहीतरी ऐकत.
झाकणांची पिशवी उचलून म्हणाला, टाकू?
आम्ही दोघंही एकदम ओरडलो.
ती पिशवी आता माझ्या खुर्चीखाली आहे.

पहिल्या रात्री यंत्र दोन तास पन्नास मिनिटं चाललं.
आत दोन बश्या, चार चमचे,
आणि भरावं म्हणून घातलेले धुतलेलेच ग्लास.
मी पुस्तिका वाचत होतो,
यंत्रालाही मीठ लागतं म्हणे.
मान वर केली तर रायली सिंकसमोर.
तवा घासून झालेला, नळ बंद,
हात कोरडे.
बाहेर ओइवाचा एक दिवा.

मी काही बोललो नाही.
त्यातलं कुठलं न बोलणं हे,
ते तिचं तिनं ठरवावं.