तीन मणी कमी

खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा
त्यानं माझ्यापुढे सरकवला
आणि बूट न काढता पायरीखालीच उभा राहिला.
"कुरोसे. नाबारीहून आलोय. थंड मालाचा ट्रक चालवतो.
आईची माळ आहे, तुटलेली.
मनगटात घालायचीय, बाहीच्या आत.
दिसायला नको."

चहा ओतायच्या आधी मी मणी ओतले.
निळे, काचेचे, काही झिजून धुरकट झालेले,
मोजले तर दोनशे तेरा.
आठ पेडांचा गोफ, पेडाला सत्तावीस मणी,
म्हणजे दोनशे सोळा हवेत.

"बारमध्ये तुटली," तो म्हणाला. "आईचाच बार, सात स्टुलांचा.
गिऱ्हाइकं गुडघ्यांवर रांगत मणी शोधत होती,
एक जण तर माइक न सोडता,
गाणं न थांबवता.
तीन मिळालेच नाहीत.
आता तिथे दाताचा दवाखाना आहे."

मारुदाईच्या वरच्या गोल फळीला
आम्ही इगातले विणकर आरसा म्हणतो.
त्यात कुणाचं तोंड दिसत नाही.
कडेवरून आठ तामा लोंबतात, पोटात शिसं भरलेल्या,
आणि मधल्या भोकातून गोफ खाली उतरतो,
शेपटीला वजनाची पिशवी घेऊन.
वरच्या आठजणी ओढतात, खालची एकटी ओढते,
या ओढाताणीत जे टिकतं
ती वीण.

उजवा पेड वर, डावा खाली,
मणी एकेक सोडायचा
आणि आडव्या जाणाऱ्या दोऱ्याखाली दडपायचा.
नीट दडपला नाही तर डोकं वर काढतो
आणि पुढच्या आठांची रांग बिघडवतो.
अशी माणसं आमच्या गल्लीतही आहेत.

पूर्वी मी ओबीवर बांधायच्या दोऱ्याच विणायची,
अस्सल रेशमाच्या.
मणी म्हणजे पोरखेळ, सासरे म्हणत.
सासरे गेले.
मग किमोनो नेसणाऱ्या गेल्या, एकेक करून.
पोरखेळावर आता विजेचं बिल भरते.

माझ्या खणात तसलाच निळा होता.
म्हणजे जवळजवळ तसलाच.
तीन घेतले, ओवले, कुणाला कळणार होतं?
रात्री अकराला शेवटची गाठ मारली.
दिव्याखाली धरून पाहिलं, कुठे बोट ठेवायला जागा नाही.
दिवा मालवला
आणि सवयीनं गोफावरून बोट फिरवलं
तर तीन ठिकाणी घसरलं.
कोरी काच.
त्या तीन मण्यांना कुणाच्या मानेचा घाम माहीत नव्हता,
सिगारेटचा धूरही नव्हता.

उसवायला विणण्याहून जास्त अक्कल लागते.
पन्नास वर्षं जे डावीकडे गेलं
ते उजवीकडे न्यायला हात तयार होत नाहीत,
हट्टी म्हाताऱ्यासारखे प्रत्येक वळणावर
थांबून विचारतात, नक्की?
एक मणी निसटून ततामीच्या फटीत गेला.
त्याच्यासाठी मीही रांगले, गुडघ्यांवर,
आणि मला हसू आलं.
गाणं मात्र येत नव्हतं एकही.

दुसऱ्यांदा विणताना तीन जागा मोकळ्या सोडल्या.
तिथे नुसता दोरा दोऱ्यावरून गेला,
वीण जराशी आत बसली,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तशी.

गुरुवारी तो आला. मी काही सांगितलं नाही.
त्यानं गोफ मनगटात चढवला, बाही ओढली,
आणि बाहीवरूनच अंगठा फिरवत राहिला.
थांबला.
पुन्हा फिरवला. पुन्हा थांबला.
तिसऱ्यांदा थांबला तेव्हा
मेइहान रस्त्यावर पहाटेपासून धुकं होतं, म्हणाला,
सगळ्या गाड्या दिवे लावून चालल्या होत्या.

पैसे मोजून दिले. ट्रककडे गेला,
परत आला, हातात थर्माकोलचा खोका.
"स्क्विड. गोठलेलं. आजच्या आज खा."

एकटीला इतकं कुठे संपतं.
अर्धं शेजारच्या फुजिएला दिलं.
कुणी दिलं, तिनं विचारलं.
मी म्हटलं, गिऱ्हाइकानं.
काय विणलंस त्याला?
मी म्हटलं, कमी.