गुणक

वकीलबाई म्हणाल्या, आधी पाणी प्या.
सीबीएसमागच्या जिन्याखालचं ऑफिस,
खिडकीतून पेठची गाडी सुटताना दिसते.
मी पाणी घेतलं नाही. पिशवी उघडली.

हे निकुंभ ठेकेदारानं दिलेलं पाकीट.
दहाव्याच्या संध्याकाळी चुंचाळ्याच्या खोलीवर आला,
चपला न काढता उंबऱ्यात उभा.
दोन लाख. आणि स्टॅम्पपेपर:
'मयत चक्कर येऊन पडला, आमची काही तक्रार नाही.'

देवरामला चक्कर?
कालिकेच्या जत्रेत आकाशपाळण्यात माझं डोकं गरगरलं,
तो वरून भेळेच्या गाड्या मोजत होता.
साखळी तुटली, बाई. सव्वादोन टनाची डाय.
साखळीवरच्या बिल्ल्यावर तपासणीची तारीख
आमच्या लग्नाच्या आधीची.

सही केलीत?
केली.
गाडीभाडं होतं, दहाव्याचा स्वयंपाक होता.
केली.

शमीम पिंजारी नावाची ही बाई
चष्मा पुसते तेव्हा बोलत नाही.
मग म्हणाली, असा परस्पर दिलेला पैसा
कायदा भरपाई म्हणून धरत नाही.
रक्कम आयुक्तांकडे जमा करायची असते.
तो कागद राहू द्या, उलट कामाला येईल:
हजेरीत ज्याचं नाव नाही
त्याच्या बायकोला दोन लाख कोण देतं?

मग मी एकेक काढत गेले.
बँकेचे मेसेज, चौदा हजार, चौदा हजार, चौदा हजार.
कँटीनची कुपनं, सात उरलेली.
गेटच्या वहीतल्या त्याच्या सहीचा फोटो,
जोडीदारानं चोरून काढलेला, थोडा हललेला.
कंपनी म्हणते, आमचा माणूस नव्हता.
काम कुणाच्या छपराखाली चाललं होतं? त्यांच्या.
मग आधी त्यांनी द्यायचं,
ठेकेदाराशी त्यांनी मागाहून भांडावं.
महिन्यात नाही भरलं तर व्याज, वर दंड.
पोलिसांचं वेगळं, कारखाना निरीक्षकांचं वेगळं.
मुदत दोन वर्षं, तुम्ही अठराव्या दिवशी आलात.

पुस्तकाच्या मागच्या पानांत एक तक्ता आहे.
डावीकडे वय, उजवीकडे आकडा.
त्याला गुणक म्हणतात.
निम्मा पगार गुणिले गुणक.

निम्मा का?
बहुतेक, उरलेला निम्मा
त्यानं स्वतःवर खर्च केला असता, असं धरतात.

मी हसले. अठरा दिवसांत पहिल्यांदा.
दोन चहा आणि सायकलचं पंक्चर,
एवढाच खर्च होता त्याचा स्वतःवर.

जन्मतारीख?
दाखल्यावर एक जून.
सुरगाण्याच्या शाळेत गुरुजींनी
अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातलं.
गेला एकोणतीस मेला.
म्हणजे चौतीस पूर्ण. पस्तिसाव्याला तीन दिवस कमी.
एकशे नव्व्याण्णव पूर्णांक चार.
तेरा लाख पंच्याण्णव हजार आठशे.
आणि तीन दिवस जगला असता तर?
बाईंनी कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.
मी मात्र घरी येऊन केलं ते गणित.
सोळा हजार तीनशे ऐंशी कमी.

सासू म्हणते, कसला जून,
भातलावणीत झाला तो,
चिखलाच्या पायांनी बांधावर आडवी झाले मी.
म्हणजे तिच्याही हिशेबानं चौतीसच.
गुरुजी, आई आणि कायदा
आयुष्यात एकदाच एका आकड्यावर आले.

अर्जदार एक, मी. दोन, रोशनी. तीन, सासू.
या वेळी प्रत्येक पान वाचलं.
'उपजीविका' शब्दावर अडले,
बाई थांबल्या.

दुसऱ्या दिवशी मनपाच्या शाळेत
बाईंनी फॉर्म ओढला:
जन्मतारीख आठवत नसेल तर जून टाकते.
आठवते, म्हटलं.
सव्वीस फेब्रुवारी. पहाटे पावणेचार.
वेळेला रकाना नाही हो.
बाजूला लिहा.