ओलियांग, मु. पो. पूर्णगड

नोईबाई,
तुमच्या गाडीवरची पाटी मला कधी वाचता आली नाही.
गोल डोळ्यांची अक्षरं ती,
ओहोटीच्या वाळूत कुर्ल्यांनी पाडलेल्या बिळांसारखी.
मी जहाजावरचा भंडारी,
पंख्याचा शाफ्ट वाकला म्हणून
अकरा दिवस श्रीराचाच्या धक्क्यावर अडकलेला.
रोज दोनदा तुमच्यापाशी.
भाषा एवढीच: तुमचं बोट, माझी मान.

त्याला सत्तावीस वर्षं झाली.
मे उतरणीला लागलाय,
मुचकुंदीच्या काठाला ओढलेल्या होड्यांवर झाप चढलेत,
आणि माझे गुडघे म्हणतात, आता जहाज नाही.
म्हटलं, करून तरी बघू.

सोयाबीन गावात मिळेना.
दुकानातला पोरगा म्हणाला, वड्या आहेत, चालतील?
नाही चालणार.
घरात फणसाच्या आठळ्या होत्या, राखेत घोळवलेल्या.
त्या सोलल्या, चिरल्या,
मक्याबरोबर खापरीवर घेतल्या,
अगदी काळ्या नाही,
तुमच्या गाडीच्या दांड्याएवढ्या,
हाताच्या घामानं लाकूड जितकं गडद होतं तितक्याच.
मग तीळ.
तीळ उडतात. झाकण ठेवायचं विसरलो.

गाळायच्या पिशवीसाठी मेहरूनची जुनी मलमलची ओढणी.
कशाला, म्हणून तिनं विचारलं नाही.
फुटक्या परडीची कडी सोडवली,
भोवती टाके घातले, दातांनी दोरा तोडला.
झाला एकाच पायाच्या माणसाचा मोजा.

बर्फाच्या फॅक्टरीत रज्जाक म्हणाला,
"चाचा, किती पाट्या? बांगडा की सुरमई?"
"कॉफी," म्हटलं.
तो हसत सुटला.
मग लादीच्या पोटातला तुकडा फोडून दिला,
काचेसारखा, भुसा न लागलेला.
पैसे घेतले नाहीत. "मला एक घोट ठेवा."

उकळतं पाणी उंचावरून.
गाळलेलं पुन्हा त्याच पिशवीतून, आणि पुन्हा.
तुम्ही तीन बोटं दाखवायचात.
साखर गरम असतानाच;
मी एकदा बर्फावर घातली होती
तेव्हा मनगटावर चमचा बसला होता तुमचा.
दुधाच्या डब्याला खिळ्यानं दोन भोकं,
एक दुधाला, एक वाऱ्याला.
पिवळसर जाड धार काळ्यात उतरली
गाळात नांगर सोडावा तशी,
आणि तळाला जाऊन बसली.
ढवळलं नाही. तुम्हीही नाही ढवळायचात.

प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड, नळी काढली
तर मेहरून म्हणाली,
"घरातले पेले मेले काय?"

पेल्यातच प्यायली ती. ओट्याच्या कडेला बसून,
बर्फ दाढेखाली धरून, सावकाश.
"कोणी शिकवली?"
"एका बाईनं."
खाडीतून कुणाचं तरी इंजिन गेलं,
टकटक टकटक,
बराच वेळ जातच राहिलं.
"तीळ करपलेत," ती म्हणाली.
"ती शिकवत होती तेव्हा
तुमचं लक्ष तिच्या हातांकडे नव्हतं."

नोईबाई, सत्तावीस वर्षं
मी स्वतःला सांगत आलोय
की हातच बघत होतो.

आज पहाटे वासानंच जाग आली.
मेहरून चुलीपाशी, खापरीवर झाकण,
आत तीळ तडतडतायत.
आठळ्या तिनं मूठभर जास्त घेतल्यात.
आणि वेलची, सालासकट ठेचलेली,
जी मी काल घालायला विसरलो होतो,
जी मी तिला सांगितलीही नव्हती.

ओट्यावर तीन पेले.
तिसरा रज्जाकचा असेल.
मी विचारलं नाही.