कमावलेलं

थोरल्या दवाखान्यात, केसपेपरच्या पाठीवर
नेर्लीकर बाईंनी एक पेशी काढली,
तिच्यातून उडणारे ठिपके.
म्हणाल्या, हे सायटोकाइन. निरोपे समजा.
काटा रुतला की हेच हाका घालतात, पळा, इकडं या,
मग लाली, सूज, ऊब.
काम झालं की गप्प बसतात.
तुमच्यात बसत नाहीत.

काटा कुठाय मग?
नाहीच.

गेल्या थंडीत नळाखाली हात धरला
तर बोटं खडूसारखी पांढरी, मग निळी,
मग लाल होऊन ठणकली.
हौसाक्का म्हणाली, बाहेरचं असंल, उतारा टाक.
टाकला तिकटीला, लिंबू, भात.
बाहेरचं काहीच नव्हतं.
सगळं घरातलंच.

बाप चामडं कमवायचा.
बाभळीची साल, हिरडा, हौदाचं पाणी,
दिवस मोजत बसायचा काठावर.
मेलेल्या जनावराचं कातडं कमावतात,
जित्या माणसाचं ऐकलं नव्हतं.
आता मनगटाच्या खाली
चकाकतं, ताठ, चिमटीत येत नाही.
कुणीतरी चांगलं कमावलंय.
बापानं बघितलं असतं तर
भाव सांगितला असता.

बाई सांगत होत्या,
निरोप ऐकून काही पेशी धागे विणतात, कोलॅजनचे,
आणि विणतच राहतात.
थांबा म्हणून त्यांना कुणी सांगत नाही.

एवढं मात्र लगेच कळलं.
सुभाषनगरात चाळीस वर्षं
चपलेच्या वेण्या घातल्या मी, सुतासारख्या वाद्यांच्या.
दिवाळी आली की व्यापाऱ्याचा निरोप,
अजून शंभर जोड.
थांब म्हणून कुणी सांगितलं?
पुरता राग येत नाही मग त्या पेशींचा.

सोमवारची गोळी चालू आहे.
आता सून वादी धरते, मी तोंडानं वेणी घालते,
वरून, खालून, आत घे,
ओढ, पण ताणू नको.
तिची अजून सुटते.

काल बाईंनी पाठीला यंत्र लावलं.
श्वास घ्या. मोठा.
फुप्फुसात करकर येते का बघू.

आम्ही तळाच्या थरात विंचवाचं बी घालतो,
मुद्दाम.
चप्पल बोलली पाहिजे,
माणूस येण्याआधी गल्लीला कळलं पाहिजे.

यंत्र खाली सरकलं, गार.
परत घ्या, बाई म्हणाल्या.
मुकी चप्पल बरी
असं पहिल्यांदाच वाटलं.