तेरा नंबरचा वाकडा पाना

रिओनी नदीच्या काठावर, कुताइसीत,
शनिवारी सकाळी ताडपत्री पसरून
शालिको हत्यारं मांडतो.
मांडतो म्हणजे ओततो.
मग गिऱ्हाईकच ती दिवसभर लावत बसतं.

मला पाहून त्यानं आधी ती पेटी उघडली :
एकशे आठ नग, निळी मखमल,
प्रत्येकाला आपापला खळगा,
रुखवतात मांडावं तसं सगळं लखलखीत.
"भावाला द्या, खूश होईल."
भाऊ पोलंडात आहे, फ्रिजांना दारं बसवतो.
त्याची निवा इथं आहे. मी इथं आहे.

आणि पेटीतले नव्वद नग
मरेपर्यंत कोरेच राहतात,
उरलेल्या अठरांतला दहा नंबर
पहिल्याच महिन्यात हरवतो.

गेल्या हिवाळ्यात मी स्वस्तातला सॉकेट घेतला होता, बारा कोनांचा.
चाकामागच्या गंजक्या बोल्टवर चढवला, जोर लावला.
बोल्ट जागचा हलला नाही,
त्याचे कोपरे तेवढे गेले
आणि माझ्या तीन बोटांची सालं.
बारा कोन नुसतं हस्तांदोलन करतात.
सहा कोन धरतात.

तेव्हा सहाकोनी. दहा, तेरा, सतरा, एकोणीस.
एकेक उन्हात धरून आतून पाहिला,
भिंत सगळीकडून सारखी जाड आहे ना.
रॅचेट कानाशी नेऊन फिरवला,
दाते बारीक हवेत,
इंजिनाशेजारी मनगटाला जागा मिळते ती दोन बोटांची.
टिक टिक टिक, मधेच एक टिक गायब.
परत ठेवला. दुसरा घेतला.
कलिंगड वाजवून घेणाऱ्या बाईकडं
विकणारा बघतो ना, तसा शालिको बघत होता.

दांडा लांबच हवा. माझं वजन छप्पन किलो,
बाकीचं लोखंडानं बघावं.
पक्कड अशी, की मिटल्यावर
जबड्यातून उजेड दिसू नये.
हातोडी नको. घरी आहे, अक्रोड फोडायची,
ती भेदभाव करत नाही.

तो ढिगाच्या तळाशी होता.
तेरा नंबर. कुणीतरी तापवून वाकवलेला,
एका गालानं कानशीनं घासून पातळ केलेला,
दांडा अर्ध्यात कापलेला.
"तो बिघडलाय," शालिको म्हणाला, "भंगारात जायचाय."

बिघडलाय?

कार्ब्युरेटरच्या पाठीमागं एक नट आहे,
चारांतला चौथा,
सरळ पाना त्याच्यापर्यंत पोचतच नाही.
त्याच्यापायी ऑक्टोबरचे दोन रविवार
मी बॉनेटखाली मान घालून काढले,
अशा शिव्या दिल्या
की शेजारच्या नुनुकानं खिडकी लावून घेतली.
आणि माझ्या कितीतरी आधी
कुठल्याशा अंगणात, अशाच एका निवापाशी,
कुणीतरी मुकाट्यानं उठून
चांगला धडका पाना विस्तवात घातला होता.

त्यावर नाव नव्हतं.
अंगठ्याच्या जागी तेवढी झीज होती.
माझा अंगठा तिथवर पोचेना, जरा अलीकडंच राहिला.

"कितीला?"
"दोन लारी."
मी दीडवर आणला.
अर्ध्या लारीनं मला काय होणार होतं?
पण घासाघीस केली नसती
तर त्याला संशय आला असता.

घरी आले, कोटही काढला नाही.
आरसा नको, टॉर्च नको,
हात आत घातला आणि तो बसला,
चपलेत पाय बसावा तसा.
पाव फेरा. काढला, लावला.
परत पाव.
नट सुटून तळहातात आला,
कोमट नाही, काही नाही, गार आणि तेलकट.

आता गास्केट हवं.
ते शालिकोकडं मिळत नाही.